प्राध्यापिकेची खुर्ची : श्रीमंत देशांत आणि गरीब देशांत



एखादा देश श्रीमंत झाला की तिथल्या मुली शिकतात, शिकल्या की नोकऱ्या करतात, आणि त्यांतल्या ज्या विशेष हुशार असतात त्या पुढे महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकवू लागतात, असा आपला एक सरळ हिशेब असतो. शाळेतल्या त्रैराशिकासारखा. देशाचे उत्पन्न इतके, तर प्राध्यापिका इतक्या. उत्पन्न दुप्पट, तर प्राध्यापिकाही दुप्पट. हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण जगाच्या वहीत तो जमत नाही. तो का जमत नाही, आणि आपल्याकडच्या शिकणाऱ्या मुलींचे त्यात काय अडले आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

रेडिओवर आकडे फार जपून सांगावे लागतात. पुस्तकातला आकडा मागे वळून पुन्हा वाचता येतो. कानावरून गेलेला आकडा गेला तो गेला. तेव्हा मी मोजकेच आकडे सांगेन, आणि तेही ढोबळ. पेन्सिल घेऊन बसण्याचे कारण नाही.

प्रथम जपान घ्या. श्रीमंत देश, शिस्तीचा देश, घराघरांतून शिक्षण पोचलेला देश. तिथल्या विद्यापीठांतल्या पूर्णवेळ शिक्षकांत स्त्रिया किती? चारांत एकीहून किंचित अधिक. आता ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार घ्या. दरडोई उत्पन्न जपानच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. तिथे गेल्या दशकातल्या मोजणीप्रमाणे उच्च शिक्षणातल्या पाच शिक्षकांत जवळजवळ चार स्त्रिया होत्या. फिलिपाइन्समध्ये त्या निम्म्याहून अधिक आहेत, लाटव्हिया आणि लिथुआनिया या बाल्टिक किनाऱ्यावरच्या छोट्या देशांतही निम्म्याहून अधिक. उलट, श्रीमंतीत ज्याचा हात धरणारे देश दोनचारच सापडतील त्या स्वित्झर्लंडमध्ये प्राध्यापकपदावर स्त्री दिसते ती चारांत एक.

मग गरिबीच या बाबतीत फलदायी म्हणावी काय? तेही नाही. इथिओपियात गेल्या दशकात उच्च शिक्षणातल्या दहा शिक्षकांत दोन स्त्रियाही भरत नव्हत्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची सगळी आफ्रिका एकत्र मोजली तर प्रमाण येते सुमारे चारांत एक. म्हणजे जपान आणि आफ्रिका एका बाकावर! साऱ्या जगाची सरासरी शंभरांत ४३ च्या आसपास आहे, आणि आपला भारत नेमका तिथेच बसला आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत आपल्या उच्च शिक्षणातल्या शंभर शिक्षकांत स्त्रिया होत्या ४३.

वर्तमानात जे दिसते तेच इतिहासातही दिसते. नाशिकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनी त्यांचीच होती. पण त्या स्त्री म्हणून ती त्यांना नाकारली गेली. तेव्हा त्यांनी काय करावे? १८८८ च्या सुमारास त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. वर्गात सगळे मुलगे, आणि समोर बावीस वर्षांची, साडी नेसलेली बाई. त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे बाईने मुलग्यांना शिकवणे राहो, परीक्षा उत्तीर्ण झाली तरी तिला पदवी मिळत नसे. सोराबजी पुढे ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि पदवी मात्र त्यांच्या हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी.

केंब्रिजची गोष्ट तर याहून मौजेची आहे. १९३९ साली तिथे डॉरथी गॅरड या पुरातत्त्वज्ञ बाईंची प्राध्यापकपदी निवड झाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मिळून पहिल्या स्त्री प्राध्यापक त्याच. परंतु स्त्रियांना पूर्ण पदवी देण्याचा नियम केंब्रिजने केला तो १९४८ साली. मधली नऊ वर्षे गॅरडबाई ज्या विद्यापीठात प्राध्यापक होत्या त्या विद्यापीठाच्या त्या पूर्ण सभासद नव्हत्या! आपल्याकडे १९४९ मध्ये हंसा मेहता बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. केंब्रिजला स्त्री कुलगुरू मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, हार्वर्डला २००७, आणि ऑक्सफर्डला २०१६.

हे ऐकून कुणाची छाती फुगत असेल तर जरा थांबावे. ज्या भारतात १९४९ साली स्त्री कुलगुरू झाली, त्याच भारतात १९५१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांतल्या नऊजणींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. या दोन गोष्टी एकाच देशात, एकाच वेळी खऱ्या होत्या. वरच्या मजल्यावर दिवा, आणि तळमजल्यावर मिट्ट काळोख. इंग्लंडातल्या घरात सगळीकडे बेताचा उजेड होता, फक्त एका खोलीला कुलूप होते. आपल्या विषयातली खरी गुंतागुंत इथे सुरू होते.

तुर्कस्तानचे उदाहरण या दृष्टीने मला फार बोलके वाटते. मुस्तफा केमालच्या सुधारणांनंतर तिथे शिकलेल्या स्त्रिया विद्यापीठांत, न्यायालयांत, इस्पितळांत भराभर दिसू लागल्या. आजही तिथे प्राध्यापकांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत सुमारे तिसरा हिस्सा स्त्रियांचा आहे. जर्मनीत, इतक्या संपन्न आणि विद्येच्या इतक्या जुन्या देशात, हा हिस्सा अजून शंभरांत तीसपर्यंतही पोचलेला नाही. असे का व्हावे? आयशे ओंजू नावाच्या तुर्की समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात याचा विचार केला आहे. सुधारणा हे कारण आहेच, पण ते पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे. नव्या राष्ट्राला शिकलेली माणसे हवी होती. ती दोन ठिकाणांहून येऊ शकत होती : शेतकरी-कारागिरांच्या मुलांतून, किंवा वरच्या घरांतल्या मुलींतून. वरच्या वर्गाला खालच्या घरातला मुलगा शेजारच्या खुर्चीवर येण्यापेक्षा आपल्याच घरातली लेक आलेली अधिक रुचली. आणि दुसरे असे की या लेकींच्या घरचा स्वयंपाक, धुणेभांडी, मुलांची देखभाल करायला गावाकडून आलेल्या गरीब स्त्रिया थोड्या पैशांत मिळत होत्या. म्हणजे देशात विषमता होती म्हणूनही प्राध्यापिका होत्या. गिळायला कठीण गोष्ट आहे, पण नाकारता येत नाही.

आपल्या मराठीत याची एक आयतीच खूण आहे. माझ्या लहानपणी शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला आम्ही 'बाई' म्हणत असू. आता कॉलेजात 'मॅडम' झाले आहे, पण जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अजून 'बाई' येते. आणि घरी भांडी घासायला येते तीही 'बाई'च. फरक फक्त क्रियापदात. 'आज बाई आल्या नाहीत' म्हणजे मुलांना तास मोकळा. 'आज बाई आली नाही' म्हणजे घरात गोंधळ. दुसरे वाक्य खरे ठरले की पुष्कळदा पहिले वाक्यही खरे ठरते, हे आमच्या स्टाफरूममध्ये मी कितीतरी सकाळी पाहिले आहे. सव्वासातचा तास असतो, पावणेसातला फोन येतो, आणि मग कुणीतरी पुरुष सहकारी, बहुधा थोडे कण्हत, तो तास घेतो. त्या पुरुष सहकाऱ्याच्या घरीही बाई आलेली नसते. पण त्याने त्यासाठी रजा टाकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

श्रीमंत देशांत ही दुसरी बाई नाही, किंवा असली तर तिचा पगार प्राध्यापिकेच्या पगाराचा मोठा लचका तोडतो. तिथे मूल झाले की प्रश्न उभा राहतो : कोण थांबणार? पाळणाघर दिवसभर चालत असेल आणि खर्च झेपण्यासारखा असेल तर उत्तर एक येते. पाळणाघर अर्ध्या दिवसाचे, आणि आईने मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करणे बरे नव्हे असे लोकमत, असे असेल तर उत्तर दुसरे येते. जर्मनीतल्या वाटेत आणखी एक अडचण अशी की कायमचे प्राध्यापकपद माणसाला बहुधा चाळिशीच्या आसपास मिळते. तोवर दोन वर्षे इथे, तीन वर्षे तिथे, अशा मुदतीच्या नेमणुका. ही मुदतीची वर्षे नेमकी मूल होण्याची वर्षे असतात. नियमाच्या पुस्तकात स्त्रियांविरुद्ध एक अक्षर नाही. पण शर्यतच अशी आखली आहे की एका धावणाऱ्याच्या पाठीवर ओझे, आणि दुसऱ्याच्या नाही.

पूर्वी मात्र नियमाच्या पुस्तकातही अक्षरे होती. एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ बाईंचे नाव आज बीजगणिताचा कुणीही विद्यार्थी आदराने घेतो. १९१५ साली त्या ग्योटिंगेन विद्यापीठात आल्या, आणि पुढची चार वर्षे त्यांची व्याख्याने जाहीर व्हायची ती हिल्बर्ट या थोर गणितज्ञांच्या नावावर. शिकवायच्या बाई, पाटीवर नाव गुरुजींचे. पगार नाही. १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना ज्यू म्हणून काढून टाकले, तेव्हा अमेरिकेतल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजाने त्यांना आसरा दिला.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे पुष्कळ विद्यापीठांत असा दंडक होता की नवरा नोकरीत असेल तर बायकोला त्याच विद्यापीठात नोकरी नाही. वशिलेबाजी टाळण्यासाठी म्हणे! हेतू चांगला, पण नवऱ्याला बायकोसाठी नोकरी सोडावी लागली असे क्वचितच घडले. मारिया ग्योपर्ट मायर या पदार्थवैज्ञानिक नवऱ्यामागोमाग बाल्टिमोर, न्यूयॉर्क, शिकागो अशी तीन विद्यापीठे हिंडल्या. शिकागोत त्यांनी अणुगर्भाच्या रचनेचा सिद्धांत मांडला, विद्यार्थ्यांना शिकवले, सभांना बसल्या. विद्यापीठाचा पगार नाही. पगारी, पूर्ण प्राध्यापकपद त्यांना सॅन दिएगो येथे १९६० मध्ये मिळाले. तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. तीन वर्षांनी नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गावच्या वर्तमानपत्राने मथळा दिला तो साधारण 'सॅन दिएगोच्या आईला नोबेल' अशा अर्थाचा. आई त्या होत्याच. पण पारितोषिक त्यासाठी नव्हते.

हा सगळा जुना काळ झाला, असे कुणी म्हणेल. मग १९९४ चे ऐका. बॉस्टनजवळच्या एम. आय. टी. या जगद्विख्यात संस्थेत नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांना माशांवरच्या संशोधनासाठी थोडी अधिक जागा हवी होती, ती मिळेना. पुरुष सहकाऱ्यांना किती जागा आहे, यावर वाद झाला. बाईंनी काय करावे? मोजपट्टी घेतली आणि रात्री प्रयोगशाळा निवांत झाल्या की एकेक खोली मोजून काढली. त्यांची जागा कमी भरली. मग त्यांनी विज्ञान विभागातल्या कायम नोकरीच्या सगळ्या स्त्रिया एकत्र आणल्या. सगळ्या म्हणजे किती? पंधरा. पुरुष जवळजवळ दोनशे. १९९९ साली संस्थेने आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि पक्षपात झाल्याचे उघड मान्य केले. या गोष्टीत मला आवडते ती मोजपट्टी. आपल्यावर अन्याय होतो असे नुसते म्हटले तर लोक म्हणतात, बाईंचा स्वभावच तसा. चौरस फुटांत सांगितले की गप्प बसतात.

जपानबद्दल एक शब्द सांगितला पाहिजे. तिथे १९१३ साली तोहोकू विद्यापीठाने तीन मुलींना प्रवेश दिला, तेव्हा शिक्षण खात्याने पत्र पाठवून विचारणा केली होती, हे काय चालवले आहे म्हणून. त्या तिघींतल्या चिका कुरोदा पुढे रसायनशास्त्राच्या नामवंत अध्यापिका झाल्या. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. आणि २०१८ साली उघडकीस आले की टोकियोतल्या एका वैद्यकीय विद्यापीठात प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलींचे गुण कित्येक वर्षे मुद्दाम कमी केले जात होते. बाई डॉक्टर झाली तरी मुले झाल्यावर काम सोडते, मग जागा कशाला फुकट घालवा, असा त्यामागचा विचार. ज्या समाजात मूल झाल्यावर बाईला काम सोडावे लागते तो समाज बदलायचा की बाईचे गुण, असा प्रश्न होता. त्यांनी सोपे ते केले.

आता त्या दुसऱ्या टोकाकडे वळू. म्यानमारमध्ये पाचांत चार शिक्षक स्त्रिया, म्हणजे तो स्त्रियांचा स्वर्ग काय? तिथेही वैद्यकी आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कित्येक वर्षे मुलींना मुलांपेक्षा अधिक गुण लागत. विद्यापीठातली नोकरी मात्र मुलींना मोकळी होती. कारण पगार थोडा, बदल्या वारंवार, आणि सत्ता व पैसा दोन्ही दुसरीकडे, लष्करात आणि व्यापारात. पुरुष तिकडे गेले, खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि स्त्रिया बसल्या. पूर्व युरोपातही थोडेफार असेच झाले. सोव्हिएत काळात स्त्रियांनी कामावर जाणे ही रीत झाली होती आणि पाळणाघरे जागोजाग होती, ही त्यातली चांगली बाजू. पण १९९१ नंतर विद्यापीठांतले पगार कोसळले आणि पुरुष अधिक मिळकतीच्या धंद्यांकडे वळले, हीही बाजू आहेच. म्यानमारच्या या अध्यापिकांची पुढची हकीकत ऐकून वाईट वाटते. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा हजारो विद्यापीठ-शिक्षकांनी कामावर जायचे नाकारले आणि त्यांना निलंबित करण्यात आले. जिथे शिक्षकांत बहुसंख्य स्त्रिया, तिथे त्या निलंबितांत कोण असणार हे निराळे सांगायला नको. थोड्या पगाराची नोकरी असली तरी ती गमावण्याचे धैर्य थोडे नसते.

आफ्रिकेत अडचण फार खाली, मुळाशी आहे. प्राध्यापिका व्हायला आधी एम. ए. व्हावे लागते, त्याआधी मॅट्रिक, त्याआधी चौथी. पाणी आणायला, धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलगी घरी राहिली की वीस वर्षांनी विद्यापीठातली एक खुर्ची आपोआप पुरुषाकडे जाते. त्यासाठी कुणाला दुष्टपणा करावा लागत नाही. पण जी या सगळ्यातून वर येते तिचे तरी काय होते? वांगारी माथाई यांना आपण झाडे लावणाऱ्या आणि २००४ सालचे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या म्हणून ओळखतो. त्या मुळात नैरोबी विद्यापीठात पशुवैद्यकातली शरीररचना शिकवीत असत. १९७१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७६ मध्ये विभागप्रमुख झाल्या. आणि विद्यापीठात त्यांना भांडावे लागले ते कशासाठी? घरभाड्यासाठी! पुरुष शिक्षकाला घराची सोय मिळे. लग्न झालेल्या स्त्री शिक्षकाला ती पूर्ण मिळत नसे, कारण तिचे घर म्हणजे नवऱ्याचे घर, असे कार्यालय धरून चाले. १९८२ मध्ये पार्लमेंटची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, तांत्रिक कारणाने उमेदवारी रद्द झाली, आणि विद्यापीठाने परत घ्यायचे नाकारले. राहते घरही सोडावे लागले.

आणि हे सारे मुळासकट उपटता येते, हेही आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. अफगाणिस्तानात २०२२ च्या डिसेंबरात तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. उद्याच्या अध्यापिका जिथून यायच्या ती वाटच बुजवली. याहून अधिक त्यावर काय बोलावे?

आपल्याकडे बघू. आपल्या देशात हे सगळे देश एकत्रच नांदतात. केरळ, पंजाब, गोवा येथे उच्च शिक्षणात स्त्री शिक्षक पुरुषांहून अधिक आहेत. बिहारमध्ये २०१८-१९ च्या पाहणीत शंभरांत सुमारे एकवीस. एकाच घटनेखाली, एकाच अनुदान आयोगाच्या नियमांखाली लाटव्हिया आणि इथिओपिया शेजारी शेजारी! महाराष्ट्राला या बाबतीत चांगला वारसा आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्याने मुली शिकल्याच, पण शिकलेल्या स्त्रियांना शिकवण्याच्या जागाही मिळाल्या. या दुसऱ्या उपयोगाकडे आपले लक्ष कमी जाते. नोएथरबाईंना आसरा देणारे कॉलेज मुलींचेच होते, हे आठवावे. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, त्यांनी काही वर्षे याच महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवले. कमला सोहोनींना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेशच नाकारला होता. त्या हटून बसल्या, एक वर्षाच्या अटीवर आत गेल्या, पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवू लागल्या.

पण शंभरांत ४३ या आकड्यात डोकी मोजली जातात, पायऱ्या नाहीत. सहायक प्राध्यापकांच्या पायरीवर स्त्रिया भरपूर दिसतात. सर्वांत वरच्या, प्राध्यापकाच्या पायरीवर त्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होतात. अनुसूचित जातींतल्या शिक्षकांत पाहिले तर पुरुषांच्या मानाने स्त्रिया आणखी कमी. म्हणजे आपल्याकडेही वरच्या घरांतल्या लेकींना वाट आधी मोकळी झाली. ओंजूबाईंनी तुर्कस्तानाबद्दल जे लिहिले त्यात आपलाही चेहरा दिसतो.

आणि मग 'तासिका तत्त्व'. हा शब्द महाराष्ट्रातल्या कॉलेजांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. काम तर असतेच. मग जितके तास शिकवाल तितके पैसे, असा करार. अनुदान आयोगाच्या नियमांत कायम प्राध्यापिकेला बाळंतपणाची १८० दिवसांची भरपगारी रजा आहे, मुलांच्या संगोपनासाठी वेगळी रजा आहे. चांगले नियम आहेत, पुष्कळ श्रीमंत देशांनी हेवा करावा असे. पण तासावर शिकवणारीला तास नाही तर पैसा नाही. दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, बाळंतपण, सगळे तिच्या खर्चाने.

पुरुषही तासिकांवर राबतात, हे मी जाणतो. लग्नाच्या बाजारात त्यांची किती कुचंबणा होते तेही पाहतो. तरीपण घरात पैसा कमी पडला की मुलगा दुसरी नोकरी शोधतो, आणि सुनेला सांगितले जाते की तुझे चालू दे, तेवढाच हातभार, वेळेवर घरी तरी येतेस. अशाने एखाद्या कॉलेजातली स्त्रियांची संख्या वाढते. अहवालात ती प्रगती म्हणून छापून येते. म्यानमारची गोष्ट आठवून मला अशा वाढीची धास्ती वाटते. खुर्ची मिळाली की नाही, एवढेच विचारून चालत नाही. ती खुर्ची पुरुषांनी सोडून दिलेली आहे का, तिला पाय चार आहेत का, आणि ती कुणाच्या पाठीवर टेकवली आहे, हेही विचारावे लागते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. शेतमजुराची मुलगी, घराण्यातली पहिली पदवीधर, एम. ए. ला पहिला वर्ग, सेट परीक्षा पहिल्याच खेपेला उत्तीर्ण. गेली नऊ वर्षे ती दोन कॉलेजांत तासांवर शिकवते. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या, मध्ये एस. टी. तिचे मूल सांभाळते तिची आई. त्यासाठी म्हातारीने मजुरीवर जाणे सोडले. म्हणजे तासांच्या पैशांतून आईची बुडालेली मजुरी आधी वजा करायची, मग उरेल ती मुलीची प्राप्ती. हे गणित तिनेच मला एकदा हसत हसत मांडून दाखवले होते.

मध्यंतरी एका संस्थेची कायम जागांची जाहिरात आली. तिच्या विषयाची एक जागा होती. अर्ज घेऊन ती माझ्याकडे आली. "सर, अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? तासांचा अनुभव धरणार की नाही, ते जाहिरातीत दिलेलंच नाही."

मी म्हटले, "नऊ वर्षे लिही. दोन्ही कॉलेजांचे दाखले जोड."

"एका कॉलेजचे प्राचार्य म्हणतात, तासांचा दाखला देण्याची पद्धत नाही."

मी त्या प्राचार्यांना फोन लावला. दाखला मिळाला. अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेला. मुलाखतीचे पत्र अद्याप यायचे आहे.